बिनआवाजाच्या गप्पा

"बाय, जरा तोंड इकरं करा."

मी फळ्याकडे वळले की पहिल्या बाकावरून हा हुकूम सुटायचा, तोही इतका खणखणीत की खालचा चहावाला वर बघायचा. शिकवणाऱ्या बाईंशी असं बोलू नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कधी सांगावंसं वाटलं नाही.

ती कोन गावाहून यायची. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. आमचा रविवारचा वर्ग दहावी न झालेल्यांसाठी होता, आणि ही नववी नापास. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मला कॉलेज हाय का न्हाय, तेवरं सांगा."

मी सांगितलं, पूर्वपरीक्षा पास झालीस तर मुक्त विद्यापीठातून थेट बीए करता येईल. तिचा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी कारखान्यातल्या मैत्रिणीला घेऊन आली. "आता हिच्यासमोर सांगा."

मग दोघीही शिकायला बसल्या. हिच्या शंका तर विचारू नका. "भात खाल्ला मी, आन् क्रियापद भाताचं का ऐकतं?" तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं?

परीक्षेत मात्र घात झाला. या दोघी लांबून एकमेकींकडे बघत ओठ हलवताना दिसल्या आणि पर्यवेक्षकांनी हिचा पेपर काढून घेतला. शेजारच्या वर्गावर मी देखरेखीला होते, मला बोलावलं. मागांच्या खडखडाटात आवाजाचा काही उपयोग नसतो, तिथल्या बायका ओठांवरच गप्पा मारतात. परीक्षेत याला कॉपी म्हणतील हे दोघींच्या गावीही नव्हतं.

मी मैत्रिणीला बाहेर नेऊन विचारलं, ती काय म्हणत होती?

"माज्या पोराचा ताप उतरला का, इचारत होती."

आत हिनेही पर्यवेक्षकांना तेच सांगितलं होतं. ते हसले, पेपर परत दिला. तिने मात्र तो छातीशी धरून मला विचारलं,

"बाय, माजा कॉलेज गेला का आता?"

तिला इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ती पास झाली. मैत्रीण थोडक्यात राहिली. बीएचे तास कल्याणला होते आणि एकटीने जायला ही तयार नव्हती. शेवटी मैत्रिणीनेच तिला रिक्षात बसवून पाठवलं.

त्या रविवारी मैत्रीण वर्गात एकटीच आली. एका अवघड वाक्याशी ती अडली, सवयीने शेजारी वळली आणि तिचे ओठ हलले. मग तिने बाकाची ती रिकामी जागा पदराने पुसली आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.