शूडबाईंचा मुक्काम

आमच्या आळीतल्या शूडबाईंनी कुणाला हुकूम सोडला असं कधी झालं नाही. त्या फक्त 'यू शूड' म्हणायच्या आणि ऐकलं नाही तर आठवडाभर अबोला धरायच्या. रिक्षावाल्याला 'यू शूड गो स्लोली', भाजीवालीला 'यू शूड स्माइल'. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यामुळे सगळी आळीच त्यांचा वर्ग.

आम्ही घरामागची खोली पाहुण्यांसाठी काढली तेव्हाची गोष्ट. होमस्टे चालला तर नवरा मुंबईची नोकरी सोडून घरी येणार होता. माझा सगळा जीव त्यात अडकलेला. पहिले पाहुणे केरळचे, शनिवारी यायचे होते आणि मला 'यस' आणि 'नो प्रॉब्लेम'पलीकडे इंग्रजी सुचत नव्हतं. बाई म्हणाल्या, पुस्तकाने हे व्हायचं नाही, त्याला पाहुणाच पाहिजे.

सोमवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आतून बाई उतरल्या. डोक्याला हॅट, डोळ्यांना गॉगल, हातात बॅग. त्यांचं घर आमच्यापासून चौथं, पण प्रवासाचा शीण दिसावा म्हणून रिक्षा पार मांडवीच्या किनाऱ्यावरून फिरवून आणली होती. सासूबाईंनी सवयीने विचारलं, "बाई, कधी आलाव?" बाईंनी ओळखसुद्धा दाखवली नाही. 'मे आय कम इन?' म्हणून उंबऱ्याबाहेर थांबल्या, आणि मला 'यू मे' सुचेपर्यंत उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

मग 'कुड आय हॅव हॉट वॉटर', 'कॅन यू मेक इट लेस स्पायसी' सुरू झालं. आमच्याकडची तिखटजाळ आमटी वर्षानुवर्षं भुरकणाऱ्या या बाई! एका जेवणाला 'मस्ट आय ईट कारलं?' असं विचारलं. मी वैतागून 'यू मस्ट' म्हटलं, तर निमूट खाल्लं. मराठी बोललं की त्यांना ऐकूच यायचं नाही. न्हाणीघराच्या पायरीवर पाय घसरला, तेव्हाही 'आई गं' न म्हणता 'वुड यू हेल्प मी, प्लीज?' म्हणाल्या. मी हसू दाबत हात दिला. बुधवारपर्यंत 'शॅल आय ब्रिंग टी?' माझ्या तोंडून आपसूक यायला लागलं.

मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता. बुधवार गेला, गुरुवारही गेला, बाई हलायचं नाव घेईनात. शुक्रवारी मी धीर केला. 'यू मस्ट गो' काही जिभेवर येईना, म्हणून मराठीतच सांगितलं की उद्या खोली लागेल. बाईंनी हॅट काढून मांडीवर ठेवली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मराठीत बोलल्या.

"घरी मला कोणी काही विचारत नाही गो. अजून एक दिवस राहू का?"

पाच दिवस मी त्यांना चहा, पाणी, पंखा विचारत होते आणि ते सगळं माझ्या सरावासाठी चाललंय असं समजत होते. मला स्वतःची लाज वाटली. राहा म्हटलं आणि आतल्या खोलीत त्यांच्यासाठी खाट टाकली.

केरळची मंडळी आली, खूश होऊन गेली. नवरा गणपतीला आला तो परत गेला नाही. बाईंचा तो एक दिवस चार वर्षं चालला. गेल्या वर्षी बाई गेल्या. आता मे महिन्यात गर्दी झाली की नवरा म्हणतो, आतली खोलीही देऊया. मी देत नाही.