सातव्या फ्रेममधला ठिपका

पट्टकदंब पाण्यावर उतरताना मी आजवर शेकडो वेळा पाहिले असतील, पण मन अजून भरलेलं नाही. आधी आवाज येतो. नाकातून काढलेला, जुन्या सायकलीचा भोंगा कुणीतरी लांबून दाबत यावा तसा. मग धुक्यात एक वाकडी रेघ दिसते, ती हलते, तुटते, पुन्हा जुळते. आणि बघता बघता त्या रेघेचे पक्षी होतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, नारिंगी पाय पुढे काढलेले, पंख अर्धे मिटून एका अंगावर कलत कलत ते खाली येतात, जणू आभाळातून कुणी त्यांना ओतलंय. पाण्याला पाय लागतात तेव्हा प्रत्येकाच्या मागे एक चमकती रेघ उमटते. त्याच वेळी सूर्य बांधावर आलेला असतो. या सगळ्याला मिळून दीड मिनिट. त्या दीड मिनिटासाठी मी पाचोऱ्याहून अंधारात मोटरसायकल काढतो.

बायको म्हणते, "लग्नाच्या दिवशी तुम्हाला हलवून उठवलं होतं म्हणे, आणि या बदकांसाठी गजरही लागत नाही."

खरं आहे. पन्नाशीला टेकलेला, कचेरीत फायली सरकवणारा कारकून मी. सात वर्षांपूर्वी एक वापरलेला कॅमेरा आणि लांब लेन्स घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सकाळची वाट बघायला लागलो.

तळं भडगावकडून आत जाणाऱ्या रस्त्याला आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतील. त्या पाण्यावर दोन म्हातारे. एक आबा. जाळी टाकून मासे धरतात. त्यांचा तराफा म्हणजे खताच्या गोण्यांत भरलेले थर्माकोलचे ठोकळे, त्यावर एक फळी. दुसरे नाना. पूर्वेच्या काठावर त्यांचा मळा: कपाशी, वांगी, आणि थंडीत हरभरा. आबांचे मासे नानांच्या घरी जायचे, नानांची वांगी आबांच्या घरी. तीस वर्षं असं चाललेलं. दर थंडीत नानांच्या विहिरीपाशी भरीत व्हायचं. वाळलेल्या कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायचं काम आबांचं, दुसऱ्या कुणाच्या हाताने भाजलेली वांगी नानांना चालायची नाहीत. मलाही ताट असायचं.

तराफ्यावर मला मागे पालथं झोपायला मिळायचं. लेन्स पाण्यापासून वीतभर उंच. चक्रवाकांची जोडी इतक्या जवळून जायची की त्यांच्या पंखांचा वारा कानाला लागायचा. मी श्वास धरून ठेवायचो. आबा मागे न बघता म्हणायचे, "दम खाय भाऊ, दम खाय. फोटू काढता काढता मरी जाशी, माले पाप लागी."

आबांचा एक नियम होता. मासे जाळ्याकडे हाकायला पाण्यावर काठी आपटावी लागते. बाकीचे अंधारातच सुरू करतात. आबा पट्टकदंब उतरून स्थिर होईपर्यंत काठीला हात लावत नसत. रात्रभर ते पक्षी शेतांत चरतात आणि पहाटे पाण्यावर विसाव्याला येतात. थंडीपुरते हिमालयापलीकडून येतात म्हणून आबा त्यांना पाहुणे म्हणायचे.

"पाहुना घर वनात का आपन भांडा आपटतस का?" आबांची बोली अहिराणी; 'वनात' म्हणजे आले.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

लहानपणी मी ज्वारी राखलेली आहे. मळ्यातल्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचो. वडिलांनी अंबाडीच्या सुताची गोफण विणून दिली होती, आणि तिच्यावर माझा हात असा बसला होता की शंभर पावलांवरचं बुजगावणं मी ठरवलेल्या खांद्यावर हाणायचो. पाखरांना दगड मारायचा नसतो, त्यांच्या पलीकडे टाकायचा असतो, म्हणजे सगळा थवा एकदम उठतो. हे मला वडिलांनी शिकवलं. ती गोफण मी कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवत असे. आठवण म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आबा एका लग्नाला गेले होते. मी एकटा काठावर. पाण्यावर दोनशेच्या वर पट्टकदंब, एवढे मी कधी पाहिले नव्हते. धुकं जमिनीलगत, त्याच्यावर सूर्य असा तांबडा की डोळ्यांनी बघता यावा. आणि सगळे पक्षी बरोबर त्याच्या समोर. फक्त बसलेले. माना पंखांत. मला तो फोटो आधीच दिसायला लागला: दोनशे पंख, मधे सूर्य. पाच मिनिटांत सूर्य वर जाईल आणि पिवळा होईल. उठा ना, मी पुटपुटत होतो, उठा ना रे.

हात पिशवीत कधी गेला कळलं नाही. कॅमेरा तिवईवर लावला, बटणाची वायर डाव्या हातात घेतली, आणि उजव्या हाताने गोफण डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडली.

ते काय झालं ते मी कसं सांगू! पाणी एकदम फुटलं. दोनशे पक्षी एका श्वासात उठले, त्यांच्या पंखांचा आवाज छातीवर आदळला, पाण्याचे थेंब उन्हात ठिणग्यांसारखे उडाले, आणि सूर्याचे तुकडे तुकडे झाले पंखांमधून. मी मोठ्याने ओरडलो. एकटाच होतो, तरी ओरडलो. बोट बटणावरून निघतच नव्हतं. घरी येईपर्यंत मी गाडीवर हसत होतो.

संगणकावर पाहिलं तेव्हा सातवी फ्रेम ती होती. हवी तशी. आणि तिच्यात, सूर्याच्या जरा वर, एक काळा ठिपका होता. दगड. तो मी पुसून टाकला. एका क्लिकचं काम.

दुसऱ्या दिवशी आबांना पाणकणसांत एक पट्टकदंब सापडला, पंख मोडलेला. आबांनी त्याला टोपलीत ठेवलं, हळद लावली, गहू भिजवून घातले. तिसऱ्या दिवशी तो मेला. थवा त्या हिवाळ्यात परत आला नाही. दगड त्यालाच लागला का, मला ठाऊक नाही. नवव्या फ्रेममध्ये एक पक्षी इतरांपेक्षा वाकडा दिसतो. मी ती फ्रेम खूप वेळा मोठी करून पाहिली आहे.

मेलेला पक्षी घेऊन आबा नानांच्या मळ्यात गेले, तेव्हा मी तिथे होतो. त्या आठवड्यात नाना हरभऱ्यावरची पाखरं गोफणीने उडवत होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"चार हरभराना दानासाठे जीव लिधा तू," आबा म्हणाले.

"कानबाईनी आन शे," नाना म्हणाले. "मी पानीकडे दगड मारस नही. तुले माहीत शे."

"मंग काय आभायमातून पडना का दगड?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं, त्यांना काही संशय नव्हता. "तू सांग भाऊ. तू रोज येस ना आठे. मी कधी मारा का पानीवर?"

मी म्हणालो, "मी नव्हतो त्या दिवशी."

कानबाईची आण घेतलेल्या माणसासमोर मी हे म्हणालो. श्रावणात नानांच्या घरी कानबाई बसते, तिच्या रोटांचा प्रसाद मी दोनदा खाल्ला आहे.

त्या दिवसापासून आबा पूर्वेच्या काठाला गेले नाहीत. मासे थांबले, वांगी थांबली. भरीत झालं नाही. पुढे जळगावच्या एका प्रदर्शनात माझा फोटो लागला, मोठा करून, फ्रेममध्ये. लोक म्हणाले, काय संयम आहे तुमच्याकडे. मी मान हलवली. आबांना मी हौसेने घेऊन गेलो होतो. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून ते फोटोसमोर खूप वेळ उभे राहिले.

"बठ्ठा एकदम कसा काय उठनात, भाऊ?"

"सूर्य उगवला ना आबा."

"सूर्य तं रोज उगस."

मग त्यांनी स्वतःच उत्तर काढलं. "हाऊ त्याच दिनना फोटू व्हई. नानानी गोफण मारी आसी. त्याले वाचाडासाठे तू खोटं बोलना व्हई." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, जणू त्या दुःखात मीही भागीदार होतो.

पुढचा हिवाळा पक्ष्यांविना गेला. आबा पहाटे काठी मांडीवर ठेवून पूर्वेकडे बघत बसायचे. आणि पलीकडच्या काठावर घोंगडी पांघरून नाना उभे असायचे. तेही आभाळाकडेच बघायचे. मधे एवढंसं पाणी.

मग त्याच्या पुढची थंडी. एका सकाळी तराफ्यावर आम्ही दोघं, आणि तो भोंगा ऐकू आला. मला वाटलं भास झाला. पण आबांची पाठ ताठ झाली होती. धुक्यात रेघ. तुटली, जुळली. पंधरा असतील, वीस असतील, मग त्यांच्या मागे आणखी! आबा मागे वळले, आणि त्यांचा तो दात पडलेला चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "वनात भाऊ! पाहुना वनात!"

कॅमेरा डोळ्याला होता, बोट बटणावर होतं. मी तो खाली ठेवला.

"आबा, तो दगड माझा होता."

"कोनता दगड?"

"त्या पाखराचा. मी गोफण मारली. फोटोसाठी."

पहिले पक्षी पाण्याला टेकले. आबा त्यांच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "नानानी कानबाईनी आन लिधी व्हती."

"हो."

"मी मानी नही."

"हो."

"तू तठेच उभा व्हता."

आबांनी बाजूचं वल्हं उचललं आणि माझ्या मांडीवर टाकलं. दुसरंही टाकलं.

"वल्हव."

"कुठे?"

"नानाना मयाकडे. आते."

मी पालथा झोपणारा माणूस, वल्हं कधी मारलं नव्हतं. तराफा गोल फिरला. आबांनी काठी पाण्यात रोवून त्याला सरळ केलं आणि पुन्हा हात मांडीवर घेतले. मी दोन्ही हातांनी वल्हवत होतो, तेवढ्यात सूर्य बांधावर आला आणि दुसरा थवा आमच्या डोक्यावरून उतरायला लागला. असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही! आम्ही मधे होतो आणि ते आमच्या दोन्ही बाजूंनी येत होते, इतके जवळ की पोटाखालची पिसं वाऱ्याने उलटताना दिसत होती, नारिंगी पायांतून ऊन आरपार जात होतं, एकाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. चहूकडे पाण्यावर रेघा, रेघांवर ऊन. माझ्या तोंडून नुसते आवाज निघत होते. कॅमेरा पायाशी. हात गुंतलेले.

"काय, फोटू काढना शे का?" आबा म्हणाले. "काढ ना. वल्हं दातमा धर."

नाना काठावर उभे होते. जवळजवळ दोन वर्षांनी आबांचा तराफा आपल्याकडे येताना बघत होते, आणि पुढे यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. मी गुडघाभर चिखलात उतरलो. गोफण काढून त्यांच्यापुढे धरली आणि सांगितलं. सगळं सांगितलं, त्या दिवशी मी तिथे नव्हतो हे खोटं सुद्धा.

नानांनी गोफण हातात घेतली. ताणून पाहिली, वीण बोटांनी चाचपली.

"हाई कोनी इनी?"

"वडिलांनी."

"चांगला मानूस व्हता तुन्हा बाप," ते म्हणाले, आणि गोफण घडी करून स्वतःच्या बंडीच्या खिशात घातली. मग माझ्याशी काहीही न बोलता, माझ्या डोक्यावरून आबांना म्हणाले, "काय रे म्हातारा. दोन वरीस मन्हा वांगा कच्चाच ऱ्हायनात."

आबा तराफ्यावर बसूनच होते. खाली मान घालून त्यांनी जाळ्याची एक गाठ सोडवली, पुन्हा बांधली. मग उतरले. नानांनी हात दिला. मी चिखलात उभा होतो तसाच उभा राहिलो. मला कोणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

जाता जाता नानांनी वळून एवढंच सांगितलं, "तो फोटू मन्हा घर लाई दे. दगडसंगे."

मी मूळची सातवी फ्रेम काढली, ठिपक्यासह, तेवढीच मोठी केली आणि नेऊन दिली. प्रदर्शनवाल्यांनाही पत्र लिहिलं. फोटो नानांच्या ओसरीत लावलाय. कोणी आलं की नाना त्याला फोटोपाशी नेतात, सूर्याच्या जरा वर बोट टेकवतात आणि म्हणतात, "हाऊ दगड मन्हा नही शे."

आबांनी मला त्या हिवाळ्यात तराफ्यावर घेतलं नाही. मी काठावरून फोटो काढले, पाणकणसांत बसून, लांबून. बरेचसे हलले. जानेवारीतल्या एका सकाळी एकाहत्तर पट्टकदंब उतरले, मी मोजले. शेवटचा पाण्याला टेकला, सगळे स्थिर झाले, आणि मग तळ्याच्या मधून आवाज आला, आधी काठी पाण्यावर आपटल्याचा, आणि त्याच्या मागोमाग आबांचा:

"दम खाय रे, भाऊ!"

मी श्वास सोडला. तोवर धरला होता हे मला माहीतही नव्हतं. त्यांना तेवढ्या लांबून कसं कळलं कोण जाणे.