आत्याआजीच्या मनगटावरची तुळस

आत्याआजीनं सख्ख्या मायवर साठ वर्षं संशय घेतला. आज सकाळी अकोल्यात आत्याआजी गेली.

ही माझ्या वडिलांची आत्या. साठच्या दशकातली गोष्ट, तिनंच सांगितलेली.

लग्न ठरलं अमरावतीच्या घरात, अन् मनगटावर चिंचोक्याएवढा पांढरा डाग निघाला.

कोड.

माय कोणाला बोलली नाही. कौंडण्यपूरच्या जत्रेत तिला गोंदणाऱ्या बाईपुढं बसवलं. डागावर हिरवी तुळस गोंदली. झाकलं!

वर्षभरात तुळशीभोवती पांढरं पसरलं.

सासू म्हणाली, "बाकी हात कोरा, अन् येवढ्याच जागी काहून गोंदलं वं?"

आधी पेला वेगळा. मग ताट. मग अकोल्याची गाडी, एकटीची.

माहेरी येऊन तिनं मायला विचारलं, "सुई तूच टोचवली. तूच पसरवलं ना?"

मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढं माय जाईपर्यंत दोघी एकाच घरात राहिल्या. पण मायच्या हातचं पाणी हिनं कधी घेतलं नाही.

मी शाळा अर्धी सोडून गावोगाव भटकणारा. गेल्या वर्षी अंजनगाव सुर्जीच्या एसटीत (तिथली खायची पानं, अहाहा, त्यावर वेगळं लिहावं लागेल) शेजारी स्किनच्या डॉक्टर मॅडम बसल्या. मी कोडाचं विचारलं.

"कातडीतल्या बाकीच्या पेशी रंगाच्या पेशींना खुराक पाठवतात. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्याला. कोडात तो कमी पडतो, हे एक कारण. सगळं अजून कळलेलं नाही. पण शिवल्यानं पसरत नाही."

"अन् सुईनं?"

"अंगात कोड असेल तर जखमेच्या जागी वाढू शकतं."

अकोल्यात येऊन मी आत्याआजीला खुराकाचं सांगितलं.

सुईचं नाही.

तिनं डोळे बारीक केले. "म्हंजे आतूनच उपाशी होतं ते?"

"हो."

"सुईनं नाही झालं?"

"नाही."

"मले फसवून तं नाही राहिला? तू लय लबाड हायेस."

"नाही वं आजी."

तिनं मनगटावरच्या तुळशीवरून बोट फिरवलं.

"मंग मायले मी उगाच जाळलं रे."

त्या पितृपक्षात तिनं पहिल्यांदा मायच्या नावानं पान वाढलं. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, स्वतःच्या हातानं.

आत्याआजी, सुईचं मी लपवलं. पण मायला तरी ते कुठं माहीत होतं? तिकडं तिच्याशी भांडू नको. भांडायचं तर माझ्याशी.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.