पडवीतला लेथ आणि मामांची पोती

आमच्या शहापूरच्या घरात पडवीवर दोघांचा हक्क आहे: लोखंड कातायच्या माझ्या जुन्या लेथचा आणि मुरबाडहून येणाऱ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, भाताच्या पोत्यांचा. दोघं एकत्र मावत नाहीत.

गेल्या वर्षी बायकोने, म्हणजे सुमनने, निकाल लावला. लेथवर मी खेळण्यातल्या होडीसाठी बनवत होतो ते इंजिन मामांसमोर चाललं तर लेथ राहील. नाही तर पोती उतरली की त्याच टेम्पोतून लेथ भंगारात.

इंजिन मुठीत मावेल एवढं, पण खऱ्या पेट्रोलवर चालणारं. त्यातला कॅमशाफ्ट उदबत्तीच्या काडीसारखा बारीक आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे दोन उंचवटे. एकाने पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायचा, दुसऱ्याने धूर बाहेर सोडणारा. वाशिंदच्या कारखान्यात मी मणामणाचे शाफ्ट काढतो, तिथे कधी छाती धडधडली नाही. इथे श्वास रोखून बसायचो (आधीचा शाफ्ट एका शिंकेत गेला). तयार झाला तेव्हा तळहातावर घेऊन बघत राहिलो आणि खरंच भरून आलं. एवढंसं लोखंड, आणि कधी उघडायचं, कधी मिटायचं हे त्याला ठाऊक! मी तो देवघरात ठेवला. सुमनने त्याला हळदकुंकू वाहिलं, ते मला रॉकेलने धुवावं लागलं.

मामा आले. टेम्पो दाराशी उभा करून आम्ही देवीच्या तळ्यावर गेलो. मी होडी पाण्यात ठेवली, इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. फुस्स! पुन्हा ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मी पेट्रोलला दोष दिला, मग हवेला, मग तळ्याला. मामा देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत होते. पोती उतरवायला माणसं खोळंबलीत, एवढंच त्यांनी सुचवलं.

"द्या इकडं," सुमन म्हणाली.

सुमन डावखुरी. आरती ओवाळताना मी तिला हमखास टोकतो. तिने दोरी तिच्या पद्धतीने, म्हणजे माझ्या उलट, गुंडाळली आणि एकच हिसका दिला. इंजिन सुरू झालं!

काय तो आवाज! घाटावरच्या बायकांचं धुणं थांबलं. मामांची तंबाखू चिमटीतच राहिली. माझ्या अंगावर काटा आला. आपण घासलेलं लोखंड जिवंत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग होडी निघाली. मागे.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ज्या कागदावरून मी इंजिन बनवलं, त्यावरचं चित्र इंजिनाच्या पुढून काढलेलं होतं, आणि मी उंचवटे काढले ते मागून बघून. आता इंजिन उलटंच फिरणार, आणि पाण्यातला पंखाही. होडी शेपटीकडून तळ्याच्या मध्यावर चालली होती, तोंड देवळाकडे. मी मनातल्या मनात लेथचा निरोप घेतला.

मामा उठले. त्यांनी चपला काढल्या आणि होडीला हात जोडले.

"जावईबुवा, देवीला पाठ दाखवत नाय ती. आमी पण देवळातून असंच मागं मागं निघतो. पण होडीला कोणी शिकवलेलं नव्हतं बघितलं. मुद्दाम केलंत ना?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

लेथ राहिला. पोती आमच्या झोपायच्या खोलीत आहेत. मामा दर खेपेला मुरबाडचे पाहुणे घेऊन येतात होडीचं दर्शन घ्यायला, त्यामुळे शाफ्ट दुरुस्त करायची सोय उरली नाही. दोरी उलटी ओढणं मला अजून जमत नाही. इंजिन सुमन सुरू करते, आणि मी शेजारी उभा राहून कारागीर दिसतो.