वरून दिसलेला डावा हात

दुकानात कोणी नुसतं वेळ विचारायला आलं, तरी त्याच्या नाकावरचा चष्मा उतरवून घ्यायचा, दोन्ही काड्यांचे स्क्रू आवळायचे आणि मग वेळ सांगायची, अशी त्या चष्मेवाल्याची पद्धत होती. गिऱ्हाईक म्हणे, "राहू द्या हो, ठीक आहे." तो म्हणे, "सैल आहे." मग बोलणंच खुंटायचं. घरीही तेच. कुकरचा दांडा, कपाटाची कडी, पंख्याचं बटण, जे जे म्हणून हलतं ते त्याला बघवत नसे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर कायमचा वस्तीला. बायको म्हणायची, "माझे दात हलायला लागले की मी दातांच्या डॉक्टरकडे जाणार आहे. तुम्ही मधे पडायचं नाही."

अशा माणसाला साठीच्या तोंडावर ड्रोनचा नाद लागला. सुटे भाग मागवून त्याने तो स्वतः जोडला होता. चार कोपऱ्यांवर चार मोटारी, त्यांवर चार पंखे, मधे काडेपेटीएवढा मेंदू आणि पोटाखाली चार रबरी बोंडांवर टांगलेला कॅमेरा. सुट्टीच्या दिवशी बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात तो उडवायचा, गोदामाच्या गंजलेल्या छपराचं चित्रण करायचा आणि घरी येऊन ते बायकोला दाखवायचा. बायको दोन मिनिटं बघून म्हणायची, "छप्पर छान आलंय."

पण आता मात्र तिलाच त्या ड्रोनची गरज पडली होती. पन्नाशी उलटल्यावर ती पोहायला शिकली होती, आणि शिकली ती अशी की कोणी उठवलं नाही तरी पहाटे उठून पिशवी भरायची. तिच्या बरोबरीच्या बायकांचा एक गट यंदा तलाव पार करणार होता, ह्या काठावरून थेट समोरच्या धक्क्यापर्यंत. पोहण्याच्या टाकीत ती सरळ पोहायची, कारण तळाला काळी पट्टी असते. तलावात पट्टी कोण मारणार? तिथे ती एका चाकात हवा कमी असलेल्या सायकलीसारखी डावीकडे ओढली जायची. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "रविवारी चाचणी आहे. समोरच्या धक्क्याला लागलात तर गटात. डावीकडच्या वेताच्या बेटात शिरलात तर पुढच्या वर्षी बघू."

बाई म्हणत, तुमचा डावा हात चुकतोय. ही म्हणे, हात ठीक आहे, वारा असतो. काठावरून बघून दोघींचं एकमत होईना.

"एकदा वरून बघायला मिळालं ना," ती नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. हात तर हात, वारा तर वारा."

"एवढंच ना? वरून बघणं म्हणजे आपलंच खातं," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मेहुण्याने ड्रोन दिव्याच्या खांबावर नेऊन आदळला.

हा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, कुठेही गेला की काहीतरी मोडायचा आणि वर सल्ला देऊन यायचा. पंखे तुटले, बाकी निभावलं. भरपाई म्हणून तो नवे पंखे घेऊन आला. जुन्यांपेक्षा बोटभर मोठे.

"हे मोठे आहेत," चष्मेवाला म्हणाला.

"मुद्दाम आणले, भावोजी. ताकद जास्त. विमानासारखा उडेल."

"अरे, ते विमान नाहीये."

"म्हणूनच तर म्हणतो."

दुसरे मागवायला वेळ नव्हता. चष्मेवाल्याने टेबलावर पांढरं कापड पसरलं, नवे पंखे बसवले, आणि हात लागलाच आहे तर म्हणून सगळा ड्रोन पुसून, आवळून, लख्ख करून ठेवला.

सोमवारी संध्याकाळी मैदानात तो उडाला आणि हिवताप भरल्यासारखा थडथडायला लागला. जागचा हलत नव्हता, पण जागेवर स्थिरही नव्हता. आवाजही वेगळा, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा.

कारण चष्मेवाल्याला समजत होतं. ड्रोन एका बाजूला जरासा कलला की त्याचा मेंदू त्या बाजूची मोटार जोरात फिरवून त्याला सावरतो. किती जोरात, ते आकड्यांनी ठरवून द्यावं लागतं. जुन्या पंख्यांना जो जोर पुरत होता तो ह्या मोठ्या पंख्यांना फार झाला होता. सावरायला जायचा तो पलीकडेच कलंडायचा, पुन्हा सावरायला जायचा, पुन्हा अलीकडे. सायकल नवीन शिकणारा हँडल वळवतो तसं. म्हणजे आकडे कमी करायला हवेत. इतकं सोपं.

आता हे आकडे दोन-तीन असते तर प्रश्न नव्हता. लॅपटॉपवर ते पडदाभर होते. आडवं डुलण्याचे वेगळे, पुढेमागे झुकण्याचे वेगळे, जागेवर गिरकी घेण्याचे वेगळे, आणि प्रत्येकात पुन्हा पोटभेद. मेहुणा मोबाईलवर कुठलंतरी वाचून सांगत होता. "भावोजी, ह्यात लिहिलंय दुसरा कमी करा. थांबा, हा दुसरा माणूस म्हणतो दुसरा वाढवा, तिसरा कमी करा. हा म्हणतो आधी पंखे बदला."

"पंख्यांचं नाव काढू नकोस."

चष्मेवाल्याने चार आकडे कमी केले, एक वाढवला. ड्रोन उडाला आणि झिंगलेल्या माणसासारखा एका बाजूला तरंगत कुंपणाकडे निघाला. त्याने घाईघाईने उतरवला, तीन आकडे पुन्हा चढवले. परत हिवताप. मंगळवारीही तेच. बायको पोहून थेट मैदानात आली होती. ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळून ती सिमेंटच्या ओट्यावर बसली होती आणि नवऱ्याला आणि भावाला लॅपटॉपमध्ये डोकं घालून भांडताना बघत होती.

"आत्ता काय बदललंत?" तिने विचारलं.

"हे दोन. आणि हा एक. आणि मघाशी तो खालचा, तो बहुतेक राहिला तसाच."

"मग आता आधीपेक्षा बरं आहे, ते कशामुळे?"

"बरं कुठे आहे?"

"मग वाईट आहे ते कशामुळे?"

चष्मेवाला पडद्यावरचे आकडे पुन्हा वरून मोजायला लागला.

"दुकानात माणूस खुर्चीवर बसला," ती म्हणाली, "की तुम्ही त्याच्या डोळ्यापुढे एक काच धरता. हे बरं? मग ती बदलून दुसरी. की हे बरं? माणूस कंटाळून रडकुंडीला येतो, पण तुम्ही दोन काचा एकदम बदलत नाही. मी एकदा म्हटलं होतं, उरका की पटापट, तर दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात. इथे काय झालं मग? ड्रोन बोलत नाही म्हणून?"

"ताई, हे तांत्रिक आहे," मेहुणा म्हणाला.

"तू खांबाकडे लक्ष दे."

चष्मेवाल्याला राग आला, पण तो नेमका कोणावर हे ठरेना. त्याने सगळे आकडे पुसून मूळचे घातले आणि फक्त एक, आडव्या डुलण्याचा, थोडा खाली आणला. उडवला. हे बरं? पुन्हा थोडा खाली. की हे बरं? मेहुणा जांभया देऊन घरी गेला. बुधवारी दुकान लवकर बंद करून चष्मेवाल्याने तीच पद्धत पुढेमागे झुकण्याच्या आकड्यांवर चालवली, आणि दिवस मावळायच्या आत ड्रोन हवेत असा उभा राहिला की जणू कोणी खिळ्याला टांगलाय. वाऱ्याची झुळूक आली, तो कलला, सावरला, पुन्हा उभा.

"झालं," तो घरी येऊन म्हणाला. "उद्या सकाळी तलावावर."

गुरुवारी सकाळी बायको पाण्यात उतरली आणि तो तिच्या डोक्यावरून ड्रोन घेऊन गेला. ड्रोन शहाण्यासारखा वागला. घरी आल्याआल्या तिने केससुद्धा पुसले नाहीत, लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावर तलाव लदलद हलत होता. पाणी, काठ, झाडं, सगळं चुलीवर ठेवल्यासारखं. मधे एक लाल टोपी आणि तिच्या आजूबाजूला हातपाय असावेत असं काहीतरी.

ती खुर्ची पडद्याजवळ ओढून वाकली.

"ही मी आहे ना?"

"तूच."

"मग मी पोहतेय की शिजतेय?"

"ड्रोन स्थिर होता," तो म्हणाला. "तू पाहिलंस."

"मी पाण्यात तोंड घालून होते. मी काय पाहणार?"

इथून पुढे चष्मेवाल्याचा संयम सुटला. आकड्यांतच अजून काहीतरी राहिलंय असं धरून तो पुन्हा लॅपटॉपला चिकटला. बुधवारी जमवलेलं गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने विसकटलं. मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, पंखे उलटे तर नाही ना बसवले?" त्याने फोन कापला. जेवताना तो ताटाकडे बघून म्हणाला, "हे यंत्र नाही, सूड आहे." बायकोने भाजी वाढली. रविवारी काय व्हायचं ते तिला दिसत होतं. ती वेतात शिरणार, बाई शिट्टी मारणार, आणि पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील ते कोणी सांगावं.

शुक्रवारी ती पोहून आली ती डोळे चोळत. दोन्ही डोळ्यांभोवती गडद लाल कडी उमटली होती.

"माझ्या पोहण्याच्या चष्म्याला हात लावलात?"

"पट्टा सैल झाला होता. आवळून ठेवला. पाणी जाऊ नये म्हणून."

"पाणी त्यामुळेच गेलं. काल गेलं, आज गेलं. बाईंनी बघितला आणि विचारलं, हा कोणी करकचून बांधला? म्हटलं, घरचाच चष्मेवाला आहे. त्या म्हणाल्या, रबर इतकं दाबलं की त्याची कड मुडपते आणि तिथूनच पाणी शिरतं. रबराला रबराचं काम करू द्या. सैल केला त्यांनी. नंतर थेंब आला नाही."

चष्मेवाला टॉवेलची घडी घालत होता. घडी अर्धवट राहिली.

"काय म्हणाल्या त्या?"

"कोणी करकचून..."

"नंतरचं. रबराचं."

तिने पुन्हा सांगितलं. तो उठला, ड्रोन उलटा करून मांडीवर घेतला. पोटाखालच्या कॅमेऱ्याची चार रबरी बोंडं. पंखे बदलताना कॅमेरा हाताला हलला होता. हलतो म्हणजे सैल, सैल म्हणजे आवळा. त्याने चारही स्क्रू इतके पिळले होते की बोंडांच्या चकत्या झाल्या होत्या. मोठ्या पंख्यांची सगळी थरथर त्या बोंडांनी पोटात घ्यायची, तर ती बिचारी दबून दगड झालेली. ड्रोन हवेत खिळ्यासारखा उभा होता, पण आतली बारीक थरथर थेट कॅमेऱ्यात उतरत होती.

खिशातला स्क्रूड्रायव्हर त्याने काढला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच उलटा फिरवला. बोंडं हळूहळू फुगून गोल झाली. कॅमेऱ्याला बोट लावलं, तो झुलला. त्याला ते बघवलं नाही, पण त्याने ते तसंच सोडलं.

बायको बाजूला उभी राहून बघत होती. "म्हणजे आठवडाभर ते आकडे..."

"आकडेही चुकलेलेच होते."

"बरं."

"बुधवारी जमले होते. नंतर मी बिघडवले. ते परत आणावे लागतील."

"एक एक करून," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

शनिवारी सकाळी वारा जवळजवळ नव्हता. ती पाण्यात, तो काठावर, ड्रोन तिच्या वर. नव्या आकड्यांमुळे तो जरा आळशी झाला होता, वळायला वेळ लावायचा. पण तीही काही मासोळी नव्हती, त्यामुळे दोघांचं जमलं. घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला आणि तलाव आरशासारखा शांत दिसला. टोपी, खांदे, हात, मागे फेसाची रेघ. पाण्यावर पडलेली ड्रोनची सावलीसुद्धा.

चष्मेवाला शेजारी उभा होता. आठवडाभराच्या छळानंतर, चित्र स्वच्छ आलंय एवढे दोन शब्द ऐकायला त्याची हरकत नव्हती.

"हा बघा," ती पडद्यावर बोट टेकवून म्हणाली. "हा मेला डावा हात. समोर जायचा सोडून डोक्यापुढून उजवीकडे आडवा पडतोय, आणि मी त्याच्या उलट डावीकडे वळतेय. दर वेळी. बाई कधीच्या सांगतायत."

"आणि वारा?"

"वाऱ्याचं नाव काढू नका. मागे घ्या. पुन्हा दाखवा."

तिने ते इतक्यांदा पाहिलं की चहा दोनदा गार झाला. मग स्वयंपाकघरात उभी राहून, फरशीच्या सांध्यावर नजर ठेवून, ती डावा हात सरळ पुढे टाकायचा सराव करत राहिली. तो दुकानात जायला निघाला तेव्हा तिने नुसती मान हलवली. हात थांबवला नाही.

रविवारी मेहुणाही आला होता, आणि त्याला खांबांपासून दूर बसवलं होतं. शिट्टी झाली, ती निघाली, डोक्यावर ड्रोन. पहिला टप्पा सरळ. मग तलावाच्या मधोमध लाल टोपी डावीकडे सरकू लागली आणि चष्मेवाल्याचा अंगठा रिमोटवर घट्ट झाला. वरून त्याला दिसत होतं, हात पुन्हा आडवा पडतोय. ओरडून उपयोग नव्हता. टोपी थांबली. तिने मान वर काढून धक्का बघितला, आणि त्यानंतर डावा हात, एखादा कपाटातला वरचा डबा काढावा तसा, सरळ पुढे जायला लागला. पुन्हा. पुन्हा.

धक्क्याला ती अगदी मधोमध लागली नाही, कडेला लागली. पण धक्क्याला लागली. वेत हातभर लांब होता.

बाईंनी होडीतूनच हाक मारली, "चालेल. गटात."

होडीतून परत आल्यावर तिने चष्मा कपाळावर चढवला. डोळ्यांभोवती एकही कडं नव्हतं.

"दिसलं?" तिने विचारलं.

"दिसलं."

"मधे गडबड झाली ना?"

"झाली. मग तू सावरलीस."

"जाताना स्वच्छ दिसत होतं," ती म्हणाली, "चष्म्यातून," आणि टॉवेल घेतला.

मेहुणा जवळ आला आणि पिशवीतून एक पुडकं काढायला लागला. "भावोजी, ह्याहून मोठे मिळतायत, तीन पात्यांचे..."

चष्मेवाल्याने ड्रोन खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि झाकणावर बसला.