बाबांची उशी आणि बंद पंखा

मंडळी, आज सकाळी माझे बाबा गेले. सांत्वनाचं नंतर लिहा, आधी हे वाचा.

कॅन्सर पसरल्यावर बाबांनी उपचार थांबवले आणि वासण्याच्या आमच्या घरीच राहिले. दुखणं सुसह्य करायला हीनाबेन नर्स रोज यायच्या. एकदा बाबांनी त्यांना विचारलं, "आता माझं काही कोणाच्या उपयोगी पडेल का?"

"काका, तमारी आंखो छे ने!" त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी होकार दिला आणि बाबांनी त्याच आठवड्यात नेत्रदानाचा फॉर्म भरला.

आज मी नेत्रपेढीला फोन केला. मग हीनाबेननी शिकवल्याप्रमाणे बाबांचे डोळे मिटले, पापण्यांवर ओला कापूस ठेवला, डोकं उंच राहावं म्हणून खाली उशी दिली आणि पंखा बंद केला.

तेवढ्यात फतेगंजहून आत्या आली. आल्या आल्या तिने उशी ओढून काढली. "गेलेल्या माणसाला उशी देतात का गं? आणि पंखा लाव, केवढं उकडतंय!"

मी उशी परत ठेवली. "आत्या, बाबांचे डोळे द्यायचेत. ते लोक येईपर्यंत उशी राहील आणि पंखा बंदच राहील."

आत्या बाजूला जाऊन बसली. मला वाटलं, रागावली.

थोड्या वेळाने शेजारच्या काकांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. आत्या केवढ्यांदा ओरडली, "हात लावू नका! माझ्या दादाचे डोळे सुकतील!"

नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत ती त्या बटणापाशीच उभी होती.

तुमच्या घरी कोण उभं राहील? आज जेवताना विचारा.