दगडांतली पिवळी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरीही चढले नव्हते. तेव्हा मी लिहायला बसावे, आणि तेही वीतभर उंचीच्या एका झाडाबद्दल, हा आगाऊपणा आहे हे मला कळते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. धारवाडच्या वसतिगृहात वाटेच्या कडेने फुलझाडे लावली आहेत. ती पाहिली की आमची पिवळी आठवते, एवढेच माझ्याजवळ कारण आहे.

माझा बा सुप्याला जंगलखात्याच्या बंगल्यावर माळी होता. साहेबाच्या मडमेने फाटकाजवळ नदीतले काळे दगड रचून घेतले होते. त्यांच्या फटींत फुलझाडे लावायची, तिच्या मुलखात अशी बाग करतात म्हणे. आई बाची भाकरी घेऊन यायची आणि हसायची.

"दगडाला पाणी घालून कधी काय उगवलंय व्हय?"

"पगार उगवतोय न्हवं," बा म्हणायचा.

माझ्या उन्हाळ्याच्या सुटीत निलगिरीहून ओल्या शेवाळात गुंडाळलेली रोपे आली. सगळी पोटेंटिला नावाच्या एकाच कुळीतली, पण तीन तऱ्हांची. एकीला लालभडक फुले, उंची गुडघ्यापर्यंत. दुसरी बुटकी, पाने केसाळ, चांदीसारखी. तिसरी पिवळी, पाच पाकळ्यांची, जमीन धरून सरपटणारी. मडमेला दगडांच्या माथ्यावर लाल हवी होती. बाला ते पटेना. मी दुभाषी म्हणून दोघांच्या मध्ये उभा.

"बाईसायबास्नी सांग, उंच झाड आमच्या पावसात आडवं पडतंय. बुटकं लावा. दगड बी दिसंल, फूल बी दिसंल. चांदीची न् पिवळी, दोनीबी टिकतील."

मी अडखळत सांगितले. मडमेने दगडांना एक फेरी घातली. मग म्हणाली, तिन्ही लावा, पावसालाच निवडू दे.

पावसाने निवडले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा लाल मोडून गेली होती, आणि बाची चांदीवालीही कुजली होती. पिवळीने मात्र फटीफटींत मुळे धरली होती. मडम ती पाहायला मातीतच बसली. बाने कुजलेली चांदीवाली उपटून कुंपणापलीकडे टाकली.

माघात उळवीच्या जत्रेच्या गाड्या फाटकापाशी पाण्याला थांबल्या. रचलेले दगड, फटींत फुले, रोज सकाळी पाणी घालणारा माणूस, हे पाहून बायकांनी ओळखले की इथे देव आहे. त्या कुंकू लावून पाया पडून जात. मडम रागावेल म्हणून बा संध्याकाळी ओल्या फडक्याने ते पुसून काढी.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबाची बदली झाली. निघताना मडमेने पिवळीकडे बोट दाखवून बाला हात जोडले. जपतो म्हणून बाने मान डोलावली. नव्या साहेबाला मात्र ते दगड घोड्याच्या पागेत फरशीला हवे होते. पाऊस ओसरला की उपटा, असा हुकूम झाला.

मी कॉलेजला निघालो तेव्हा बा पोचवायला आला होता. "मी त्या बाईला शबूद दिलाय," तो म्हणाला. "पर सायबाम्होरं माझं काय चालतंय?"

मी इंग्रजीत अर्ज लिहून देतो म्हणालो.

"नगं. अर्ज लिव्हणारा माळी कुणालाच नगं असतोय."

पावसात आमच्याकडच्या गाड्या बंद होतात, त्यामुळे निरोपही बंद. अभ्यासात लक्ष लागेना. बाने दिलेला शब्द मोडणार, आणि इतके शिकून मला काही करता येत नाही, हेच मनात यायचे.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या गावचा गाडीवान लाकूड घेऊन धारवाडला आला आणि मला शोधत वसतिगृहावर पोचला. मी आधी दगडांचेच विचारले.

"हायत जागच्या जागी," तो म्हणाला. "गडी पहारी घिऊन गेले, तर दगडावर ताजं कुंकू न् नारळ. हात लावतंय कोण? सायबानं इचारलं, देव कवाचा? समदे म्हणाले, लई जुना."

"आणि बा?"

"त्यो बी थितंच हुबा. फडकं खांद्यावर, पर पुसतोय कशाला?" तो हसला. "नारळ कुणी ठिवला ते गावाला ठावं हाय. त्या दिवशी तुझी आय भाकरी घिऊन लवकर गेली हुती."

मग जाता जाता त्याला आठवले.

"व्हय, तिनं सांगावा धाडलाय. दगडातली फुललीया म्हणावं."